शिलाई मशीनवर पुढे आलेली मान : सोलापुरातील एक प्रकरण

रुग्ण ४६ वर्षांच्या, सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये मशीनवर बसणाऱ्या. फेब्रुवारीच्या शेवटी फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे आल्या तेव्हा मान दुखायला लागून दीड वर्ष उलटलं होतं. मानेच्या मागे जडपणा, डाव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत उतरणारा ठणका आणि दुपारनंतर कवटीच्या खालच्या कडेपासून डाव्या भुवईपर्यंत येणारी डोकेदुखी, अशा तीन तक्रारी. “संध्याकाळी डोकं काढून बाजूला ठेवावं वाटतंय बघा मॅडम,” त्या म्हणाल्या. सकाळी त्रास कमी, जेवणाच्या सुट्टीपर्यंत सोसण्यासारखा, चारनंतर नकोसा. रविवारी जवळजवळ नाहीच. दुखण्याचं हे वेळापत्रक मी केसपेपरवर सगळ्यात वर लिहून ठेवलं. सुट्टीच्या दिवशी जे दुखत नाही, त्याचं कारण कामात शोधायचं असतं.

हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. युनिटमध्ये सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही तेच म्हणेन.

सोलापूर बाहेरच्यांना चादर आणि टॉवेलमुळे माहीत असतं. पण गेल्या काही वर्षांत इथं शालेय गणवेशांचं काम मोठं झालं आहे आणि त्यातला बराचसा भार अक्कांसारख्या बायकांच्या मानेवर आहे. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्यामुळे फेब्रुवारी ते जून हा सीझन. पैसे पीसमागे. अक्कांकडे कॉलर आणि खिशाचं काम, म्हणजे डोळ्यांत तेल घालून करायचं. टीप जराशी वाकडी गेली की चेकिंगमधून पीस परत येतो, तो उसवायचा आणि पुन्हा शिवायचा. कापड बहुतेक नेव्ही ब्लू किंवा मरून, आणि दोरा त्याच रंगाचा. गडद कापडावर गडद दोऱ्याची टीप दिसणं किती अवघड असतं हे मशीनवर बसल्याशिवाय कळत नाही.

येण्याआधी काय काय झालं होतं

अक्का रिकाम्या हाताने आल्या नव्हत्या. पिशवीत एक्स-रे होता, मानेचा पट्टा होता, वेदनाशामक गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या. एक्स-रेच्या अहवालात मानेचा नैसर्गिक बाक कमी झाल्याचं आणि पाचव्या-सहाव्या मणक्यातली जागा किंचित अरुंद असल्याचं लिहिलं होतं. त्यावरून त्यांना ‘गॅप पडलाय, मणका झिजलाय’ असं सांगण्यात आलं होतं. हे वाक्य त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की मान डावीकडे वळवायलाच त्या घाबरत होत्या.

या भीतीवर मी वेळ घालवला आणि तो वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही. जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १२११ जणांचे एमआरआय काढले गेले. २०१५ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेच्या मणक्यांमधल्या चकत्या थोड्याफार बाहेर फुगलेल्या दिसल्या. विशीतल्या निरोगी माणसांमध्येही हे प्रमाण मोठं होतं. म्हणजे फोटोत बदल दिसणं आणि दुखणं या दोन गोष्टींची गाठ दर वेळी बसतेच असं नाही. अक्कांना मी एवढंच सांगितलं की तुमच्या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या दहा बायकांचा एक्स-रे काढला तर त्यातल्या बऱ्याच जणींचा असाच येईल. त्या थोडा वेळ एक्स-रेकडे बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, “मग हे झिजून मोडणार नाही ना?” मोडणार नाही.

पट्टा त्यांनी महिनाभर दिवसरात्र वापरला होता. अपघातानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर पट्ट्याला काम असतं. रोजच्या दुखण्यात तो फार दिवस लावला तर आधीच दमलेले स्नायू आणखी सुस्तावतात. कोणीतरी उशी पूर्ण बंद करायला सांगितली होती. ज्यांची पाठ वरच्या भागात थोडी बाकदार झाली आहे, त्यांनी उशीशिवाय उताणं झोपलं की हनुवटी छताकडे जाते आणि मानेचा वरचा भाग रात्रभर दाबला जातो. अक्कांचं नेमकं तसंच होत होतं. एका मालिशवाल्याने मान झटका देऊन ‘मोडली’ होती, त्यानंतर दोन दिवस चक्कर येत होती. हे मात्र मी कडक शब्दांत बंद करायला लावलं. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात. अचानक, जोरात दिलेल्या पिळाने त्यांच्या आतल्या अस्तराला इजा होऊ शकते. असं क्वचित घडतं, पण घडलं तर लकवाही येऊ शकतो. सलूनच्या खुर्चीत दाढीबरोबर फुकट मिळणाऱ्या झटक्यालाही हेच लागू आहे.

आणि मुलीने मोबाइलवर शोधून दिलेला एक व्यायाम त्या करत होत्या : हनुवटी बोटाने मागे ढकलायची. पण इतक्या जोरात, की त्याने डोकेदुखी वाढत होती.

तपासणीत काय दिसलं

बाजूने फोटो काढून कोन मोजला. मानेच्या तळाशी हाताला लागणारा सातव्या मणक्याचा उंचवटा आणि कानाच्या छिद्रासमोरची छोटी कूर्चा, या दोन बिंदूंना जोडणारी रेषा जमिनीच्या आडव्या पातळीशी जो कोन करते, त्याला क्रॅनिओव्हर्टेब्रल अँगल म्हणतात. तो साधारण ४८ ते ५० अंशांपेक्षा कमी असेल तर डोकं पुढे आलेलं समजतात. अक्कांचा ४३ होता. वेदना दहापैकी सात. मानेच्या दुखण्यामुळे रोजच्या जगण्यात किती अडथळा येतो हे मोजणारी दहा प्रश्नांची, ५० गुणांची नेक डिसॅबिलिटी इंडेक्स नावाची प्रश्नावली आहे. तिच्यात २१ गुण आले.

डोकं पुढे येतं तेव्हा मान सगळीकडे एकसारखी वाकत नाही. खालचे मणके पुढे झुकतात आणि नजर समोर राहावी म्हणून वरचे दोन-तीन मणके मागे मुडपतात. कवटीच्या खालचे छोटे स्नायू सतत आखडलेले राहतात. अक्कांची डोकेदुखी तिथूनच निघत होती, कारण तिथं दाबलं की नेमकी तीच वेदना भुवईपर्यंत जात होती. मानेच्या पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांना चिकटून असलेले खोल स्नायू या वेळी काम सोडतात आणि त्यांचं काम वरवरचे, दोरीसारखे दिसणारे स्नायू ओढतात. चेकोस्लोव्हाकियातले डॉक्टर व्लादिमीर यांदा यांनी या आखडलेल्या आणि ढिल्या पडलेल्या स्नायूंच्या जोड्यांची मांडणी करून दाखवली. आजही फिजिओथेरपीच्या पहिल्या धड्यांमध्ये ती शिकवतात.

खोल स्नायूंची ताकद तपासायला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या ग्वेन्डोलेन जल यांनी रुळवलेली चाचणी वापरली. मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवून ती २० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबापर्यंत फुगवायची. रुग्णाने अगदी हळू ‘हो’ म्हटल्यासारखी मान हलवून तो दाब दोन-दोनने ३० पर्यंत न्यायचा आणि प्रत्येक पायरीवर दहा सेकंद धरायचं. पिशवी नसेल तर रक्तदाब मोजायच्या यंत्राचा पट्टा घडी घालून काम भागतं. अक्कांना २४ च्या वर गळ्याचे स्नायू न ताणता जाता येत नव्हतं.

मज्जारज्जू किंवा नसेवर दाब असल्याची खूण नव्हती. हातात मुंग्या नाहीत, पकड दोन्ही हातांची सारखी, प्रतिक्षेप (रिफ्लेक्स) बरोबर, चालणं नीट. हा भाग घाईत उरकायचा नसतो. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, हाताची शक्ती कमी होत जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप किंवा वजन घटण्याबरोबरची मानदुखी, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेली मानदुखी, यांपैकी काहीही असेल तर व्यायामाच्या वाटेला न जाता आधी डॉक्टरांकडे जावं.

क्लिनिकमध्ये ताठ, मशीनवर पुढे

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. स्टुलावर बसवून ‘डोकं खांद्यांवर आणा’ म्हटलं की अक्का ते सहज करत होत्या. कोन चार-पाच अंशांनी सुधारत होता आणि बोलता बोलता त्या तशाच बसूनही राहत होत्या. ज्या माणसाला सरळ बसता येतं, त्याला दिवसभर पुढे ओढणारं काहीतरी वेगळं असलं पाहिजे. म्हणून मी त्यांना पुढच्या वेळी कामाचं कापड, दोरा आणि कामाच्या वेळी जे जे अंगावर असतं ते सगळं घेऊन यायला सांगितलं.

त्यांनी पिशवीतून चष्मा काढला. तो त्या क्लिनिकमध्ये कधीच घालून आल्या नव्हत्या, कारण फक्त मशीनवर बसताना लावायच्या. मूळचा चष्मा सासूबाईंचा. पोथी वाचायला म्हणून बाजारातून तयार आणलेला, काचेवर स्टिकर अजून होतं : अधिक २.५०. दोन वर्षांपूर्वी सुईत दोरा ओवायला त्रास व्हायला लागला तेव्हा अक्कांनी तो लावून बघितला. सगळं मोठं आणि ठळक दिसलं. तेव्हापासून तो मशीनच्या खणात राहायला आला. मानेचं दुखणं त्यानंतर सहा महिन्यांनी सुरू झालं.

या चष्म्याचं गणित साधं आहे. ज्याला दूरचा नंबर नाही अशा माणसाने अधिक २.५० ची काच लावली, तर १ भागिले २.५ म्हणजे ०.४० मीटर, अर्थात ४० सेंटिमीटर, ही त्याच्या स्पष्ट दिसण्याची शेवटची हद्द. त्यापलीकडचं सगळं धूसर. पोथी मांडीवर किंवा हातात असते, तिथं हे चालतं. पण अक्का ताठ बसल्या की त्यांच्या डोळ्यांपासून सुईपर्यंतचं अंतर मी मोजलं ते ५२ सेंटिमीटर भरलं. टीप स्पष्ट दिसावी म्हणून डोकं बारा-पंधरा सेंटिमीटर पुढे नेण्यावाचून त्यांना गत्यंतरच नव्हतं. त्यात सोलापूरचा उन्हाळा. घामाने चष्मा नाकावरून घसरायचा आणि काचेतून बघायला हनुवटी वर करावी लागायची. खालची मान पुढे, वरची मान मागे. फोटोत मोजलेलं सगळं इथं जागेवर घडत होतं.

चष्मा काढायला सांगून मी त्यांना पुन्हा शिवायचा अभिनय करायला लावला. डोकं मागे आलं, पण टीप दिसेना. म्हणजे नंबर त्यांना हवाच होता, फक्त हा नको होता.

डोक्याचं वजन साडेचार ते पाच किलो असतं. भरलेली कळशी कमरेवर धरली तर माणूस गल्ली ओलांडून जातो, तीच हात लांब करून धरली तर दोन पावलांत दंड भरून येतो. मानेच्या मागच्या स्नायूंचं तेच होतं. अमेरिकेतले मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिती प्रारूपावरून दाखवलं की मान ६० अंश वाकली की मणक्यावरचा भार २७ किलोंच्या आसपास जातो. हा आकडा व्हॉट्सअॅपवर भीती घालायला खूप फिरतो. तो जिवंत माणसांच्या मानेत मोजलेला नाही, आणि मान वाकणं हे काही पाप नाही. ती वाकण्यासाठीच बनलेली आहे. आठ-नऊ तास एकाच जागी धरून ठेवणं हे तिला जड जातं.

अक्कांच्या सोबत मी युनिटमध्ये जाऊन आले. मालकांनी आनंदाने येऊ दिलं. ट्यूबलाइट अक्कांच्या पाठीमागे होती, त्यामुळे सुईवर त्यांच्याच डोक्याची सावली. मोबाइलवरच्या अॅपने सुईजवळचा उजेड दोनशे लक्सच्याही (लक्स हे उजेड मोजायचं माप) खाली दाखवला. अॅपचं मोजमाप ढोबळ असतं, पण युरोपीय मानकात शिवणकामासाठी ७५० लक्स सांगितले आहेत, तेव्हा फरक कितीचा आहे ते कळतं. टेबल बसक्या उंचीच्या मानाने खाली होतं. स्टूल प्लॅस्टिकचं, त्यावर दोन घड्यांचं पोतं.

आधी काय बदललं

व्यायाम शिकवण्याआधी मी डोळ्यांकडे पाठवलं. सिव्हिलमध्ये डोळे तपासून झाले. दूरचा नंबर नाही, काचबिंदू-मोतीबिंदू नाही. तपासणाऱ्यांना मी ५२ सेंटिमीटरचं अंतर चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. त्यांनी त्या अंतरासाठी अधिक १.२५ चा एकाच नंबरचा चष्मा दिला. या काचेने ८० सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसतं. दोन भागांची काच, म्हणजे वर दूरचं आणि खाली जवळचं, मशीनवर घेऊ नये, असं मी आवर्जून सुचवलं होतं. सुई समोर असते, खालच्या भागातून बघायला पुन्हा हनुवटी वर जाते. मागे दोरी लावली म्हणजे घामाने घसरत नाही.

अक्कांची अडचण वेगळीच होती. युनिटमध्ये सगळ्यांसमोर नवा चष्मा लावला तर डोळे गेले असं वाटून कॉलरचं काम काढून घेतील आणि धागे कापायला बसवतील, ही भीती. ती खोटी नव्हती. कॉलरला पीसमागे मिळणारे पैसे जास्त असतात. इथं मला मालकांशी बोलावं लागलं. मी त्यांना एवढंच म्हटलं की परत येणारे पीस मोजा. त्यांनी ते मोजायचं कबूल केलं.

सुईजवळ लावायचा चुंबकाचा एलईडी दिवा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो डाव्या बाजूने असा लावला की हाताची सावली टिपेवर पडणार नाही. टेबलासाठी मशीनचा मिस्त्री बोलावला. शिलाईचं टेबल कोपरापेक्षा थोडं उंच आणि शिवणाऱ्याकडे किंचित उतरतं ठेवलं तर मान कमी वाकते, हे शिवणकाम करणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांतून दिसलं आहे. उतार द्यायला मिस्त्री तयार होईना, खालच्या ट्रेमधलं ऑइल सांडेल म्हणाला. त्याचं म्हणणं मला पटलं. मग स्टँडचे बोल्ट ढिले करून फळी चार बोटं वर घेतली आणि पॅडलची सळई तेवढीच वाढवली, म्हणजे पाय लोंबकळत नाहीत. पोत्याच्या जागी घट्ट गादी आली.

घरी उशी परत सुरू केली. बाजारची जाड नव्हे, जुनी सोलापुरी चादर घडी घालून. उताणं झोपल्यावर कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील इतक्या घड्या. कुशीवर झोपताना आणखी दोन घड्या, खांद्याची जाडी भरून निघेल इतक्या.

एक गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली. पाणी आलेल्या दिवशी मान जास्त दुखते. त्यांच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, कधी पहाटे, कधी रात्री. दिवसभर शिवून झाल्यावर पहिल्या मजल्यावर घागरी चढवायच्या. खांदे कानाकडे ओढले गेले की फऱ्यातला ठणका उसळतो. मुलाला घागरींचं काम द्यायचं आणि अक्कांनी फक्त खाली नळाशी थांबायचं, असं घरात ठरलं. हे ठरवायला मला मुलाला क्लिनिकमध्ये बोलवावं लागलं.

व्यायाम

पहिले तीन आठवडे फक्त दोन गोष्टी. उताणं झोपून हळू ‘हो’ म्हणण्याचा व्यायाम : डोकं उचलायचं नाही, हनुवटी दाबायची नाही, फक्त नजर पायांकडे सरकवत मान लांब करायची. गळ्यावर हात ठेवायचा. तिथल्या दोऱ्या ताठल्या तर जोर जास्त झाला. दहा सेकंद धरायचं, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. आणि चादरीची गुंडाळी पाठीच्या वरच्या भागाखाली आडवी ठेवून हात डोक्याकडे नेत श्वास सोडायचा, म्हणजे बाकदार झालेली पाठ मोकळी होते. पाठ जागची हलली नाही तर मानेने एकटीने मागे यायचं कुठून? बोटाने हनुवटी ढकलणं बंद केलं तेव्हाच डोकेदुखीचे दिवस कमी झाले.

कामाच्या मधल्या विश्रांतीचा प्रश्न अवघड होता. दर अर्ध्या तासाने उठा, हे ऑफिसातल्या माणसाला सांगता येतं. पीसमागे पैसे मिळणाऱ्या बाईला दर अर्ध्या तासाने उठायला सांगणं म्हणजे तिच्या मजुरीतून पैसे कापणं. म्हणून आम्ही बॉबिनला, म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाला, धरलं. बॉबिन संपली की मशीन थांबतंच. नवी बॉबिन घालायच्या आधी दाराबाहेर लांब बघायचं, डोकं खांद्यांवर आणायचं, फरे मागे-खाली ओढून पाच श्वास. दिवसातून कितीतरी वेळा, एकही पीस कमी न होता. मला या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी उपाय हाच वाटतो. तो सुचला अक्कांनाच. मी नुसतं विचारलं होतं की तुमचं मशीन आपोआप कधी थांबतं.

चौथ्या आठवड्यापासून ताकदीचे व्यायाम. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही कोपरं मागे ओढणं, आणि हात बाजूला खांद्याच्या पातळीपर्यंत उचलणं. डेन्मार्कमध्ये मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ प्रौढांवर झालेल्या एका चाचणीत दिवसाला दोन मिनिटं रबरी नळीचा व्यायाम करणाऱ्यांना दहा आठवड्यांत लक्षणीय आराम पडला, आणि बारा मिनिटं करणाऱ्यांपेक्षा त्यांचा फायदा फारसा कमी नव्हता. दोन मिनिटं सीझनमध्येही निघतात. अक्का दूध तापत असताना करायच्या.

मालिश किंवा शेक मी नाकारला नाही. कवटीखालच्या स्नायूंवर हलक्या हाताने दाब आणि गरम पाण्याची पिशवी यांनी त्यांना झोप लागायची, आणि झोप लागलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कमी दुखतं. पण दीड वर्ष नुसत्या शेकाने काय झालं हे त्यांनीच बघितलं होतं.

पुढे काय झालं

मार्चच्या अखेरीस वेदना सातवरून चारवर आली. डोकेदुखी आठवड्यातून एखाद्या दिवशी. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात वेदना पुन्हा सहावर गेली. सीझन भरात, पारा चाळिशीच्या वर, कामाचे तास वाढलेले, आणि बरं वाटतंय म्हणून रबरी पट्टा गजाला तसाच लटकत राहिलेला. अक्कांना वाटलं, गॅप वाढला. पुन्हा एक्स-रे काढू का म्हणून विचारायला आल्या. मी हातपाय, प्रतिक्षेप, पकड सगळं पुन्हा तपासलं, नवं काही नव्हतं. काम वाढलं आणि ताकद वाढवणं थांबलं, तर दुखणं वर येणारच. घर पाडून बांधायची वेळ आलेली नाही, असं त्यांना सांगितलं आणि व्यायाम निम्म्यावर आणून पुन्हा सुरू केला. मेच्या मध्यापर्यंत वेदना तीनवर आली, तीही कामाचे तास न घटता.

ऑगस्टमध्ये मोजलं तेव्हा वेदना दोन, प्रश्नावलीत २१ चे ८ गुण, खोल स्नायूंची चाचणी २८ पर्यंत. आणि कोन? ४३ चा ४६. म्हणजे मापाच्या भाषेत अक्कांचं डोकं अजूनही पुढेच आहे.

या आकड्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते, कारण मानेचा बाक ‘सरळ करून देतो’ म्हणणाऱ्या जाहिराती, पाठीला बांधायचे पट्टे आणि आठवड्याभरात फरक दाखवणारे फोटो यांनी लोकांना वेठीस धरलं आहे. पुढे आलेलं डोकं आणि मानदुखी यांचा संबंध आहे, पण तो लोकांना वाटतो इतका सरळ नाही. २०१९ मध्ये या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मान दुखणाऱ्या प्रौढांमध्ये डोकं जास्त पुढे असल्याचं त्यात दिसलं, किशोरवयीन मुलांमध्ये मात्र तसा ठळक फरक आढळला नाही. अक्कांची मुलगी सतरा वर्षांची, मोबाइलवर वाकून बसते म्हणून घरात रोज बोलणी खाते. तिची मान दुखत नाही. तिला उठवून मैदानावर पाठवा, मानेवरून टोकू नका, असं मी अक्कांना सांगितलं.

अक्कांचं दुखणं कोन सुधारायच्या कितीतरी आधी कमी झालं. डोकं पुढे ओढणारी गोष्ट, म्हणजे चष्मा, अंधार आणि खालचं टेबल, बाजूला झाली, तेव्हा मानेला दिवसातले काही तास सुटका मिळाली. मग स्नायूंना ताकद येऊ शकली. क्रम उलटा केला असता, म्हणजे सकाळी दहा मिनिटं व्यायाम आणि नंतर नऊ तास अधिक २.५० च्या काचेमागे, तर व्यायाम हरला असता, आणि आपलंच शरीर कुचकामी आहे असं अक्कांना वाटलं असतं. असं वाटून व्यायाम सोडलेली माणसं माझ्याकडे सतत येतात. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या डोक्याला पुढे ओढणारं काहीतरी असतं : कुणाचा लॅपटॉप मांडीवर, कुणाच्या मांडीवर विड्यांचं सूप, कुणाला एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून तो समोरच्याकडे झुकतो. ते शोधायला तपासणीच्या टेबलाइतकंच माणसाच्या कामाच्या जागेचं महत्त्व आहे, आणि तिथं जायला आपल्या व्यवसायात वेळ काढला जात नाही याची मला खंत वाटते.

कॉलरचं काम अक्कांकडेच राहिलं. परत येणारे पीस कमी झाल्याचं मालकांनी स्वतः सांगितलं आणि त्या ओळीतल्या बाकीच्या मशीनवरही दिवे लावून घेतले. शेजारच्या मशीनवरच्या दोघीजणी डोळे तपासून आल्या. एकीला मानेचा काही त्रास नव्हता, पण तीही बाजारातलाच तयार चष्मा वापरत होती.

अजून उरलेलं असं : डावीकडे मान उजवीपेक्षा कमी वळते. रिक्षातून उतरताना मागे बघायला अक्का अख्खं शरीर वळवतात. त्यासाठी कवटीखालच्या पहिल्या दोन मणक्यांच्या सांध्यावर काम चालू आहे. मान पूर्ण पुढे झुकवून मग वळवायचा व्यायाम त्या टॉवेलच्या आधाराने घरी करतात. पाण्याच्या दिवशी मुलगा घरी नसेल तर ठणका येतो, एका रात्रीत जातो. जवळच्या चष्म्याचा नंबर या वयात दर दोन-तीन वर्षांनी वाढतो, म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधी, जानेवारीत गड्ड्याची यात्रा आटोपली की, डोळे पुन्हा तपासायचे आणि सुईचं अंतर पुन्हा मोजायचं, असं केसपेपरवर लिहिलं आहे. रबरी पट्टा अजून गजालाच आहे. अक्का म्हणतात, रोज होत नाही, पण आठवड्यातून चारदा होतो. चारदा पुरेसा आहे.